दरडोई

महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळी नऊला,
कौंटीच्या कचेरीतून फोन येतो, "किती?"
"आठ," मी सांगते.
पलीकडची बाई कीबोर्डवर आठ दाबते
आणि आठाच्या मापानं पुढचा महिनाभर
आमच्याकडे शाळा भरते.

कागदावर शब्द आहे: दरडोई.
म्हणून मी डोई पाहते.
एक रात्रभर जागून बाकावर टेकलेली,
एकीवर घाईनं मशीन फिरवल्याचे ओरखडे,
एक टावीटाची, अपूर्णांक आले की
भिंतीकडे वळणारी.
आणि एक एलूटेरिओची,
जो सोळाव्या वर्षी पहिल्यांदा
पुस्तकाच्या शेवटच्या पानापर्यंत पोचला
आणि रागावला, "संपलं कसं?"

इथं खुर्च्यांत वाळू भरलेली असते, उचलून फेकता येऊ नये म्हणून.
पुस्तकांना पुठ्ठा नसतो.
पेन्सिली बोटाएवढ्या; मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या.
खिडकी इतकी उंच की कोलंबिया नदी दिसत नाही,
नदीवरचा वारा तेवढा ऐकू येतो.

मार्चअखेरची गोष्ट.
एलूटेरिओची तारीख शुक्रवारी लागली.
आजी याकिमाहून येणार होती, उसना ट्रक घेऊन.
वर्गानं बाकं बडवली.
मीही हसले. मनात मात्र आकडा फिरला:
सोमवारी सात.
सातावर दुसरा शिक्षक मिळत नाही.
म्हणजे बीजगणित गेलं, म्हणजे अँसेल गेला,
जो सत्तर मैल गाडी हाकत येतो
आणि 'क्ष'ला 'बेपत्ता पोरगा' म्हणतो.

आणि मला वाटलं
(हे मी कुणाला सांगितलेलं नाही)
न्यायाधीशबाईंना थोडी सर्दी व्हावी.
तारीख मंगळवारवर जावी.
चारच दिवस.
एका पोराचे चार दिवस, कुलपाआड,
माझ्या हजेरीपटासाठी.

त्या रात्री भांडी घासताना
हात बराच वेळ गरम पाण्यात धरून उभी राहिले.
असा कसला हिशेब हा,
ज्यात पोर घरी गेलं की शाळेला खोट येते,
आणि नवं पोर बेड्यांत आलं की
आमचं बरं चालतं?

एप्रिलात कौंटीच्या सभेत तीन मिनिटं मिळाली.
समोर टॉर्गरसन, दोनशे एकर सफरचंदांचे मालक.
मी म्हटलं, "तुमच्या बागेत ते उंच पंखे आहेत,
दव गोठायला लागलं की फिरणारे.
वर्षातून किती रात्री लागतात?"
"चार. कधी सहा."
"आणि उरलेल्या रात्री?"
"उभे असतात."
"मग थंडीगणिक विकत घेता का पंखा?
की मोहोर धरायच्या आधीच तो उभा असावा लागतो?"

कुणीतरी खाकरलं.
टॉर्गरसननी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.
मला वाटलं, काही बोलतील.
घंटी वाजली. तीन मिनिटं.
विषय मे महिन्यावर ढकलला.
मेमध्ये चेरीची तोडणी सुरू झाली, कोरम भरला नाही.

न्यायाधीशबाईंना सर्दी झाली नव्हती, हे सांगायचं राहिलं.
शुक्रवारी आजी आली. ट्रकचं दार आतून उघडत नव्हतं,
तर म्हातारी पलीकडून वळसा घालून आली आणि तिनं
बाहेरून उघडून दिलं.
तो चढताना म्हणाला, "मिस विकस्ट्रम,
क्षचं पुढे काय झालं, ते राहिलंच."
मी म्हटलं, "तिकडच्या शाळेत विचार."
तिकडची शाळा त्याला सप्टेंबरपर्यंत घेणार नव्हती.
आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

सोमवारी फोन आला, "किती?"
"सात."
अँसेलनं आपला कप धुऊन कागदात गुंडाळला.
टावीटानं फळ्यावरचा क्ष पुसू दिला नाही,
हात पसरून उभा राहिला.
पाहरेकरी दारातून आत पाहू लागला.
मी म्हटलं, "राहू दे."

दुपारी पेन्सिली मोजल्या.
आठ निघाल्या. पोरं सात.
आठवीला मी टोक काढून ठेवलं.
ती कुणाच्या हाती यावी म्हणून नाही.